मेच्या मांडवात गोड काय?

मे महिना लागला की चिपळूण तालुक्यातल्या वाड्यांवर खळ्याखळ्यांत मांडव उभे राहतात. लग्नं, मुंजी, वास्तुशांती असतातच, पण खरी गर्दी असते ती वाडीच्या सत्यनारायणाच्या पूजेची. या पूजेला पंचांगातला दिवस शोधावा लागत नाही. मुंबई-पुण्याचा चाकरमानी ज्या दिवशी गावात असेल, तो तिचा दिवस. शाळांना सुट्टी पडलेली, १ मेला महाराष्ट्र दिनाची रजा जोडून घेतलेली, कोकण रेल्वेच्या गाड्या गच्च भरून येणाऱ्या, आणि मग एका दिवशी दीड-दोनशे माणसं एका खळ्यात. दुपारी पूजा, मग तीर्थप्रसाद, बायकांचं हळदीकुंकू, रात्री महाप्रसाद आणि त्यावर भजन किंवा नमन. सगळं उघड्यावर.

महाप्रसादाचा बेत ठरवायला आधी बैठक बसते. भात, आमटी, काळ्या वाटाण्याची उसळ, बटाट्याची भाजी, लोणचं, पापड यावर कुणी फार बोलत नाही. आवाज चढतो तो गोडावर. पोरांना आइस्क्रीम हवं असतं. कुणीतरी मुंबईच्या हॉलमधल्या लग्नात अंगूर रबडी खाऊन आलेलं असतं. जुनी माणसं म्हणतात, प्रसादाचा शिरा आहे, तोच पोटभर करा. वर्गणीची वही ज्याच्याकडे, तो बाजारात लाडवांचा भाव काढून आलेला असतो. हा वाद मला फार महत्त्वाचा वाटतो. वर्षातून एकदा सगळी वाडी एका पंगतीला बसते आणि घरी जाताना तोंडावर जे राहतं ते गोडाचंच. त्यातून कुणाला बाधलं, तर तो विषय पुढची कित्येक वर्षं दर बैठकीत निघत राहतो.

म्हणून आधी उन्हाबद्दल बोलू. चिपळूण किनाऱ्यावर नाही. वाशिष्ठीच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी ते बसलं आहे. गुहागरला संध्याकाळी समुद्राचं वारं सुटतं, ते इथपर्यंत येता येता संपतं. दुपारी पारा पस्तिशीच्या वर आणि हवेत दमटपणा इतका की सावलीतही अंगाची चिकचिक थांबत नाही. त्यात मांडव बदलले. नारळाच्या झापांचा मांडव पोफळीच्या खांबांवर उभा असायचा, त्यातून वारा खेळायचा. आता ताडपत्री किंवा रंगीत कापड येतं. दिसायला देखणं, पण दुपारी तीन वाजता त्याखाली उभं राहवत नाही. शेजारीच चर खणून पेटवलेल्या चुली. अशा जागी ठेवलेल्या टोपात काय होतं, हे बेत ठरवणाऱ्याने नीट समजून घ्यायला हवं.

अन्न बिघडवणारे जिवाणू साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जोमाने वाढतात. पोषक हवामानात त्यांतल्या काहींची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. हिशेब करून पाहा: चार तासांत एकाचे चार हजारांवर. अमेरिकेच्या कृषी खात्याचा घरगुती स्वयंपाकासाठीचा नियम असा की नाशवंत पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्या मेच्या मांडवाला हा दुसरा नियम लागू. ‘नंतर उकळून घेऊ’ हाही तोडगा नाही. वाढणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून किंवा नाकातोंडातून दुधाच्या पदार्थात जाणारे स्टॅफिलोकोकस जिवाणू जे विष सोडतात, ते उकळूनही जात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाणा गावात एकादशीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसं आजारी पडली. दवाखान्यात जागा पुरली नाही. उघड्यावर दोऱ्या बांधून त्यांना सलाईन लावलेली छायाचित्रं तेव्हा देशभर गेली. तिथे भगर-आमटी होती, गोड नव्हतं, आणि महिना फेब्रुवारीचा होता. मेमध्ये दुधाचा टोप उघड्यावर ठेवताना ती छायाचित्रं आठवावीत.

या कसोटीवर आपली नेहमीची पक्वान्नं लावून पाहिली की चित्र लवकर स्पष्ट होतं. बासुंदी, रबडी, रसमलई, तांदळाची खीर, फ्रूट सॅलड ही सगळी एका बाजूला. दूध भरपूर, आंबटपणा नाही, पाणी खूप. जिवाणूंना याहून चांगलं काही मिळत नाही. श्रीखंड थोडं वेगळं. चक्का आंबट असतो आणि साखर भरपूर पडते, त्यामुळे ते बासुंदीपेक्षा टिकाव धरतं. बर्फाच्या पेटीत लहान लहान डब्यांत ठेवून एकेक डबा उघडला तर उन्हाळ्यातल्या पंगतीला श्रीखंड किंवा आम्रखंड चालतं. मोठं पातेलं उघडं ठेवून मात्र नाही. जिलबी आणि बुंदीचे लाडू पाकातले. जिवाणूंना लागणारं पाणी साखर धरून ठेवते, म्हणून ते दोन-तीन दिवसही हसत राहतात. आपल्या आजे-पणज्यांच्या लग्नात जिलबी आणि मठ्ठा होता, बुंदीचा लाडू होता, यामागे हौशीइतकाच हा अनुभव होता. पुरणपोळी शिमग्याची, आणि ती घरात ताजी खायची. मेच्या दुपारी पुरण विटायला वेळ लागत नाही.

कोकणातलं गोड दुधावर उभंच नव्हतं. इथली गाय लहानखुरी, डोंगर चढणारी, पावसाला न डरणारी. तिच्या कोकण कपिला या जातीची आता राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे. पण ती दिवसाला दूध देते ते दोन-तीन लिटरांच्या आसपास. वासरू, घरातली मुलं आणि चहा यात ते संपायचं. खवा घोटायला दूध उरणार कुठून? म्हणून इथल्या बायकांनी नारळ पिळला. तांदूळ, नारळ, हंगामाचं फळ आणि कुंभार्ली घाटातून उतरलेला घाटावरचा गूळ, एवढ्यावर खांडवी झाली, सांदण झालं, घावन-घाटलं झालं, शेवया आणि नारळाचा रस झाला, मोदक झाले. गरिबीतून आलेले पदार्थ म्हणून यांच्याकडे पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. ती सोडायला हवी. हे पदार्थ या हवेसाठी, या हंगामासाठी, याच मातीत घडलेले आहेत आणि घाटावरून किंवा मुंबईहून आणलेलं कुठलंही पक्वान्न मे महिन्यात त्यांची बरोबरी करत नाही.

पहिला मान अर्थात आंब्याचा. चिपळूणजवळ घाटावर परशुरामाचं देऊळ आहे. अक्षय तृतीयेच्या सुमारास तिथे परशुराम जयंतीचा उत्सव होतो, आणि अनेक घरांत त्याच दिवशी आंबा आधी देवाला आणि पितरांना दाखवून मग खाल्ला जातो. तिथून पुढचे चार आठवडे रसाचे. दोनशे माणसांच्या पंगतीला रस करायचा तर हिशेब सोपा आहे: अडीचशे ग्रॅमचा हापूस, साल आणि बाठा जाऊन दीडशे ग्रॅमच्या आसपास गर, म्हणजे माणशी एक वाटी. दोनशे माणसांना सतरा डझन. पण रस एका वाटीवर थांबत नाही. पंचवीस डझन धरा. निम्मा हापूस आणि निम्मी पायरी घेतली तर रस पातळ, रेशमी होतो आणि खिशालाही परवडतं. घरची रायवळ असेल तर तिचाही हात लागू द्या. तिच्या रसाला जो वास असतो तो हापुसाला नाही.

यात खरी कारागिरी तारखेची. झाडावरून देठासकट उतरवलेला हापूस भाताच्या पेंढ्याच्या आढीत पिकायला आठ ते बारा दिवस लागतात. म्हणजे पूजा १० मेला असेल तर आंबा एप्रिलच्या शेवटच्या दिवसांत आढीत पडला पाहिजे, आणि आढी एकाच दिवशी नाही तर दोन-तीन दिवसांच्या अंतराने लावली पाहिजे, म्हणजे ऐन दिवशी सगळा माल कच्चा किंवा सगळा उतरलेला अशी पाळी येत नाही. रोज आढी उलगडून पिकलेला काढायला, उरलेला परत झाकायला घरातलं एक जाणतं माणूस लागतं. कार्बाइडने पिकवलेला आंबा कायद्यानेच बंद आहे. तो वरून पिवळाधमक आणि आत आंबट, रसाला उपयोगाचा नाही. आणि हापुसाचा एक जुना दोष म्हणजे साका. बाहेरून फळ निर्दोष, आत बाठ्याजवळ पांढरट, स्पंजासारखा, बेचव गर. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये रत्ना आणि १९९२ मध्ये सिंधू या जाती आणल्या, त्यांत साका होत नाही. पण वाडीत अजून बहुतेक हापूसच. म्हणून पंगतीच्या रसाला आंबा नुसता माचवून पिळू नये. तो कापावा, गर बघावा, मग चाळणीवर घ्यावा. दहा बायका पडवीत गोल बसल्या, एकीने धुवायचं, दोघींनी कापायचं, बाकीच्यांनी गर काढायचा, तर पंचवीस डझन आंबे दीड-दोन तासांत हातावेगळे होतात. बाठे पोरांच्या वाट्याला.

रसात दूध घालू नका. हे मी आग्रहाने सांगतो. दोनशे माणसांना रस पुरवायचा म्हणून टोपात दुधाच्या पिशव्या फोडल्या जातात तेव्हा आंब्याचा जो आंबटपणा रसाला सांभाळत असतो, तोच आपण मारतो. रस कमी पडेल असं वाटत असेल तर वाटी लहान घ्या. चिमूटभर मीठ, थोडी सुंठ, वर तुपाचा थेंब आणि मिरपूड, एवढं पुरे. रस पंगतीच्या दोन तास आधी काढायला घ्यावा, टोप बर्फाच्या पाण्याच्या घंगाळात ठेवावा, वरून ओलं फडकं. बर्फ टोपाच्या बाहेर, रसात कधीच नाही. न खाण्याच्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम २०१८ पासून आहे, तो याचसाठी. मासळीच्या बर्फाची लादी आणि पिण्याच्या पाण्याचा बर्फ यात फरक आहे. उघड्यावर उरलेला रस रात्री आंबूस वास मारू लागतो. तो सकाळसाठी ठेवू नये. त्यापेक्षा दुपारचा उरलेला गर ताटात पसरून उन्हात घालावा, साठं होतं.

आंब्यानंतर फणस. त्याचं पक्वान्न म्हणजे सांदण, आणि मला विचाराल तर मेच्या मांडवातलं सगळ्यात योग्य गोड हेच. कापा फणस खायला, बरका सांदणाला. बरका पिकला की गरे बोटांनी दाबले तरी फुटतात, घशात सरकतात. हाताला खोबरेल लावून गरे काढायचे, आठळ्या वेगळ्या करायच्या, आणि गर चाळणीवर किंवा रोवळीवर घासून रस खाली पाडायचा. तांदळाची कणी कोरडी, जरा खमंग भाजून घ्यायची. रस, कणी, चिरलेला गूळ, मिठाची कणी आणि ओलं खोबरं एकत्र करून तासभर भिजू द्यायचं. कणी रस पिऊन फुगते. मिश्रण इडलीच्या पिठाएवढं सैल राहिलं पाहिजे. घट्ट वाटलं तर आणखी रस घालायचा, पाणी नाही. मोदकपात्रात किंवा इडलीच्या साच्यांत वीसेक मिनिटं वाफवलं की पिवळंजर्द, जाळीदार सांदण तयार. वाफ सुटते तेव्हा पडवीत फणसाचा जो वास कोंदतो, त्याने माजघरात झोपलेलं माणूसही उठून येतं.

फणस विकत घ्यावा लागत नाही. वाडीतल्या प्रत्येक परसात एखादं बरक्याचं झाड असतंच, आणि मेअखेर त्याचे फणस खाली पडून फुटत असतात, माश्या घोंगावत असतात. म्हणजे फुकट जाणाऱ्या फळातून पंगतीचं पक्वान्न. सांदण वाफवलेलं, न ओघळणारं, एकेक उचलून पानावर ठेवता येणारं. डाव लागत नाही, द्रोण सांडत नाही. दुपारच्या जेवणाला करायचं तर पंगतीच्या जरा आधी वाफवून मलमलच्या फडक्यात झाकून ठेवावं. रात्रीच्या महाप्रसादाला संध्याकाळी, पंगतीच्या तोंडावर वाफवावं.

सांदणाबरोबर घरात आपण नारळाचा रस घेतो, गूळ-वेलचीचा. उघड्यावर तो मी टाळेन. नारळाचं दूध गाईच्या दुधाइतकंच नाजूक, उन्हात तीन-चार तासांत उतरतं, आणि दोनशे माणसांना पुरेल इतकं पिळायचं म्हणजे सकाळपासूनच पिळावं लागतं. सांदणावर साजूक तूप घ्या. शेवया आणि रस करायचाच असेल तर पहिलं-दुसरं दूध पंगत बसायच्या वेळी, गरम पाण्यावर, तिथेच पिळणारे हात हवेत. ते हात वाडीत असतील तर खुशाल करा. त्या रसाला तोड नाही.

वाशिष्ठीकाठच्या कोकणी मुसलमान घरांतही सांदण आहे, पण वेगळं: तांदळाचं, नारळाचं, आंबवून फुगवलेलं, पांढरं. आणि त्यांच्या ईदच्या शीरखुर्म्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ३ मे २०२२ ला अक्षय तृतीया आणि रमजान ईद एकाच दिवशी आली होती, ऐन उन्हाळ्यात. शीरखुर्मा म्हणजे दूधच दूध. तरी तो चालतो, कारण चुलीवरून उतरला की कढत कढत वाटीत जातो आणि घरी आलेला पाहुणा तो समोर बसून संपवतो. दुधाचा पदार्थ उन्हाळ्यात करायचा तर असा: कढत, थोडा थोडा, लगेच. टेबलावर मांडून वाट पाहणारा नाही.

प्रसादाच्या शिऱ्याला हाच नियम लावायला हवा. रवा, साखर, तूप सव्वाच्या मापाने, दूध आणि केळं. शास्त्र म्हणून केळं आणि दूध काढा असं मी म्हणणार नाही. पण दुपारी बाराला केलेला शिरा रात्री नऊपर्यंत तीर्थप्रसादाला येणाऱ्यांच्या हातावर पडतो, तेव्हा त्यातलं केळं काळं पडलेलं असतं आणि कडेने आंबूस वास सुटलेला असतो. नैवेद्याचा शिरा पूजेपुरता करावा. पुढे येणाऱ्यांसाठी संध्याकाळी दुसरा घाणा टाकावा. रवा मंद आचेवर तुपात तांबूस भाजावा, दूध उकळतं घालावं, आणि तूप सुटेपर्यंत पूर्ण वाफ काढावी. पंचामृताचंही तेच. मोठ्या पातेल्यात एकदाच कालवून दिवसभर पळीने वाढण्यापेक्षा दर तासाला वाटीभर नवं करावं. देवाला यात काही कमी पडत नाही.

आता पंगत. गावांतही बुफे आला आहे, आणि गोडाच्या बाबतीत ही गोष्ट सरळ नुकसानीची आहे. पंगतीत गोड आतल्या खोलीत झाकलेलं असतं. वाढपी बादली घेऊन येतो, दहा मिनिटांत फिरतो, परत झाकतो. बुफेत तेच गोड टेबलावर, रंगीत झालरीखाली, दोन-तीन तास उघडं. शंभर हात त्या एका डावाला लागतात, माश्या बसतात, आणि लोक चार प्रकार थोडे थोडे घेऊन निम्मे टाकतात. मांडवात जागा असेल, आणि वाडीत ती नेहमी असते, तर पंगतच बसवा. केळीच्या पानावर सांदण, त्यावर तूप, आग्रह करणारं घरचं माणूस. म्हाताऱ्यांना साखर असेल तर वाढणाऱ्याला ते ठाऊक असतं, तो अर्धंच ठेवतो. बुफेच्या टेबलाला ते कळत नाही.

आइस्क्रीमबद्दल एवढंच की मेच्या उत्तरार्धात वळवाचा पाऊस आला की वाडीची वीज जाते, फ्रीझर थांबतो, आणि वितळून पुन्हा गोठवलेलं आइस्क्रीम पोरांना देऊ नये. क्रीमचा केक मांडवात वितळून बसतो. पोरांसाठी आंबावडी करा, काजूची वडी करा, ओल्या नारळाची वडी पाक नीट आटवून करा. आदल्या दिवशी थापता येतात, हातात देता येतात, खेळता खेळता खाता येतात. बाजारातून सुटी मिठाई आणत असाल तर तिच्या ट्रेवर कधीपर्यंत खावी ती तारीख लिहिणं दुकानदाराला १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. ती पाहा. नसेल तर विचारा.

एक ओलं गोड आणि एक कोरडं, दोनच. ओलं त्याच वेळी केलेलं, कोरडं आदल्या दिवशीचं. चार प्रकार मांडून पाहुण्यांवर छाप पाडण्यात वर्गणी संपते आणि एकही पदार्थ धड होत नाही. रस करा आणि नारळवडी. किंवा सांदण करा आणि बुंदीचा लाडू. पोटभर करा.

हा अंक तुमच्या हातात पडतो तेव्हा आंब्याला अजून मोहोर यायचा आहे. पुढच्या मेची पूजेची तारीख दिवाळीतच, चाकरमानी घरी असताना, ठरवून टाका. फेब्रुवारीत बागायतदाराला पंचवीस डझनांचं सांगून ठेवा, बरक्याच्या झाडाचा मालक गाठा, आढी कोण बघणार त्याचं नाव वहीत लिहा. आणि बासुंदीची हौस असेल तर ती याच दिवाळीत, थंडीत, घरच्या माणसांसाठी भागवून घ्या.